पडणाऱ्यानं उडी मारायची नाही

९ फेब्रुवारी

काका,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहिलं की तुम्ही म्हणता, जिवंतपणीच मला फोटोत बसवतेस. म्हणून थेट सुरू करते. फोनवर आपलं बोलणं होत नाही. मी एक विचारते, तुम्हाला भलतंच ऐकू येतं, तुम्ही ‘काय?’ म्हणता, मी ‘काही नाही’ म्हणते आणि वहिनी, तुमची सूनबाई, फोन काढून घेते. ज्युदोच्या गादीवर आयुष्यभर घासून तुमच्या कानांचं जे व्हायचं ते झालं. डोळे शाबूत आहेत तोवर वाचा.

संघटनेकडून पत्र आलंय. तुम्ही मुलाकडे राहायला गेलात तरी वर्ग अजून तुमच्याच नावावर चालतो, हे आत्ता त्यांच्या लक्षात आलं. शिकवणाऱ्याकडे काळ्या पट्ट्याची दुसरी पायरी हवी, नाहीतर जूनअखेर वर्ग बंद आणि सगळ्यांनी नदीपलीकडच्या हॉलमध्ये जायचं. म्हणजे जूनच्या परीक्षेला मला बसायलाच हवं. पहिली पायरी मिळाली तेव्हा मी जिने धावत चढायची. आता चाळिशी उलटली आणि जिना दिसला की मी आधी त्याच्याकडे बघून घेते.

डावांची चिंता नाही, ते येतात. चिंता दमाची आहे. पहिली लढत बरी जाते. दुसरी अर्ध्यावर आली की हात दगड होतात, बोटं उघडत नाहीत, छाती फुटेलसं वाटतं. परवा वर्गातल्या आपल्या शिंप्यानं मला ढकललं. तोच शिंपी, कॉलर धरतानाही फाटेल की काय म्हणून जपून धरणारा. मी मागे मागे जात थेट भिंतीला टेकले. तो घाबरून ‘लागलं का?’ म्हणाला. मला राग त्याचा नाही आला, माझ्या पायांचा आला.

लॉन्ड्रीत काम तेच. हॉस्पिटलच्या चादरी संपत नाहीत, माणसं आजारी पडायची थांबत नाहीत. आई बरी आहे. ताई दर रविवारी येते.

साठीतसुद्धा तुम्ही एकामागून एक आम्हा सगळ्यांना लोळवायचात आणि तुमचा श्वासही फुलायचा नाही. ते कसं, एवढंच सांगा. उसनं अवसान आणून परीक्षा देण्यात अर्थ नाही.

दमलेली,
बारकी


१८ फेब्रुवारी

बारके,

इथे चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, म्हणजे तिची जागा आहे. एकदा खाली उतरलो की वर यायचा विचार संध्याकाळपर्यंत पुढे ढकलतो. मागच्या आठवड्यात पलंगावर पडण्याचा सराव करत होतो, हात आपटून, नेहमीसारखा. खालच्या मजल्यावरची माणसं धावत वर आली. सूनबाई त्यांना म्हणाली, म्हातारे पडले. मी म्हटलं, पडलो नाही, पडत होतो. तो फरक या घरात कुणाला कळत नाही.

माझा श्वास फुलायचा नाही, असं तुला कुणी सांगितलं? चांगला फुलायचा. तोंड मिटून नाकानं घ्यायचो, आणि लढत संपली की तुमच्याकडे पाठ करून पट्टा बांधत उभा राहायचो. दर लढतीनंतर माझाच पट्टा कसा सुटतो, हे इतक्या वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. एवढी हुशार मंडळी मी तयार केली.

आता तुझं. तू हातांनी लढतेस. हे मी तुला पूर्वीही सांगितलंय, पण तेव्हा तुझ्या अंगात रग होती, निभावून गेलं. पकड करंगळीनं आणि तिच्या शेजारच्या बोटानं धरायची. अंगठा नुसता ठेवायचा, मनगट मऊ. भरलेली बादली उचलताना आपण मूठ आवळत नाही, बोटांत कडी अडकवतो, तसं. कोपर सैल राहिलं की हात दगड होत नाहीत.

डाव घालताना श्वास सोडायचा. तू रोखून धरतेस, लहानपणापासून. आणि लढतीत सगळा वेळ लढायचं नसतं गं. समोरच्याला चालवायचं. तो ढकलतोय तर ढकलू दे, पण सरळ मागे जाऊ नको, गोल फिर. भिंत गाठलीस म्हणजे कमाल केलीस. ताकद लागते ती समोरच्याचा तोल गेल्यावर, क्षणभर. त्याआधी लावलेली सगळी पाण्यात. लढतीपूर्वी घाम निघेस्तोवर अंग तापव, नाहीतर पहिला दम लढतीतच खर्च होतो. आठवड्यात एक दिवस जोरात, एक दिवस हलकं, एक दिवस नुसतं पडणं. रोज जीव काढायचा नाही.

पण एक सांगतो. गादीवर दम संपतो असं आपल्याला वाटतं. तो बहुतेक वेळा आधीच कुठंतरी संपलेला असतो, गादीवर फक्त कळतं. सकाळपासून काय काय करतेस ते नीट लिही. आणि तुझ्या आईचा, आमच्या वहिनींचा, पाय कसा आहे? पडल्या त्याला बरेच महिने झाले. एव्हाना चालत्या झाल्या असतील. त्यांना सांग, दीर अजून पडायला शिकतोय.

काका


८ मार्च

काका,

तुमचा पट्टा. मी तो तुमच्या हातात आणून द्यायची, आठवतं का? लबाड आहात.

करंगळीची पकड जमायला लागली. लॉन्ड्रीत ट्रॉलीही मी आता तशीच ओढते. हात पूर्वीसारखे भरून येत नाहीत. गोल फिरणंही जमतंय. श्वास मात्र अजून रोखला जातो, डाव घालून झाल्यावर लक्षात येतं की तो आतच राहिला.

तुम्ही दिवस विचारलात. सकाळी लॉन्ड्री. मशीनमधून ओल्या चादरी ओढून काढायच्या, पिळलेल्या असल्या तरी एकमेकींत गुंतून जड झालेल्या असतात. मग वाळवणी, मग इस्त्रीचा मोठा रोलर. एक बाई इकडून चादर घालते, मी पलीकडून घेते, घडी घालते. परवा घडी घालता घालता उभ्याउभ्या डोळा लागला. आमची मुकादमीण म्हणाली, ‘घरी झोपत नाहीस का गं?’ मी म्हटलं, इथे गरम आहे ना, छान वाटतं. सगळ्या हसल्या, मीही हसले. संध्याकाळी घर, मग वर्ग. बस, एवढंच.

आई चालते, घरातल्या घरात, भिंतीला धरून. तुमचा निरोप सांगितला. ती म्हणाली, त्याला सांग, हाडं जप.

एक चांगली बातमी. शिंपी महिनाअखेरीस पहिल्या पायरीच्या परीक्षेला बसतोय. त्याच्या सरावात पडायचं काम माझं. काका, तो कमरेवरचा डाव काय सुरेख घालायला लागलाय. वळतो काय, कमर घालतो काय, मी कधी वर गेले आणि कधी खाली आले हे मला कळतही नाही. वर्गातली मंडळी टाळ्या वाजवतात. तो लाजून पट्टा नीट करतो. एवढा भित्रा माणूस, आता ताठ चालतो. निदान एकाचं तरी चांगलं होतंय.

तुमचं सगळं करते. तरी थकवा जात नाही. सकाळी उठते तीच थकलेली.

बारकी


१६ मार्च

बारके,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लॉन्ड्री आहे, वर्ग आहे, शिंपी आहे. घर नाही. ‘संध्याकाळी घर, मग वर्ग’ एवढ्यावर भागवलंस. उठल्यापासून लॉन्ड्रीत पोचेपर्यंतही तू काहीतरी करत असशीलच.

वहिनी भिंतीला धरून चालतात, असं लिहिलंयस. मी त्या घरात वाढलो. त्यांच्या पलंगापासून दारापर्यंत धरायला भिंतच नाही. आधी मोकळी जागा, मग कपाट, मग खिडकी. म्हातारा बहिरा झालाय, खुळा नाही. तुला वाटेल तेव्हा लिही, मी मागे लागणार नाही. मागे लागायलाही दम नाही राहिला.

शिंप्याबद्दल. तुला डाव कळतही नाही, हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत, काळजी वाटली. कळायला पाहिजे. पडणाऱ्याला धक्का कळला नाही याचा अर्थ बहुधा तो बसलाच नाही. परीक्षेआधी त्याच्यासमोर दुसऱ्या कुणाला तरी उभं कर, चांगलं जाडजूड, तुझ्यासारखं समजूतदार नको.

आज जरा छाती जड आहे, कफ आहे म्हणतात. लांबण लावत नाही.

काका


३ एप्रिल

काका,

शिंपी नापास झाला.

या वेळी नियम बदललाय. आपला जोडीदार आपण न्यायचा नाही, पडायला माणूस तेच देतात. त्याच्या वाट्याला एक बेकरीवाला आला, ऐसपैस, शांत माणूस. शिंप्यानं पकड घेतली, वळला, कमर घातली, सगळं जागच्या जागी, आणि ओढलं. बेकरीवाला उभाच. परत ओढलं. बेकरीवाला बिचारा ओशाळला, त्याला वाटलं त्याचंच काही चुकतंय. मग शिंप्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. इतके दिवस मी नक्की काय करत होतो, असं विचारल्यासारखं पाहिलं.

तो काही करतच नव्हता. मी उडी मारत होते. तो वळला की मी टाचा उचलायची, अंग हलकं करायची आणि आपणहून त्याच्या कमरेवर जाऊन बसायची. त्याला सोपं जावं, त्याचा धीर वाढावा म्हणून. मला ते इतकं अंगवळणी पडलंय की उडी मारतेय हे कळतसुद्धा नव्हतं. तुम्ही दुसरं कुणी उभं करायला सांगितलं होतं. मी नाही केलं. कुणाला तरी बोलवायचं, समजावून सांगायचं, तेवढंही त्राण नव्हतं.

परतताना बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. वाटेत एवढंच म्हणाला, ‘तुम्ही मला सांगायला हवं होतं, बाई.’ बरोबर आहे त्याचं.

आता तुम्ही विचारलं होतं ते. लपवायलाही ताकद लागते, ती आता माझ्याकडे नाही. आई चालत नाही. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून एक पाऊल नाही. सकाळी मी तिला पलंगावरून खुर्चीत घेते, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत खुर्चीत, मग लॉन्ड्रीला पळते. दुपारी शेजारच्या काकू जेवण वाढून जातात. संध्याकाळी आले की परत तेच, मग वर्ग, मग तिला पलंगावर. उचलते कमरेवरच्या डावानंच. जवळ जायचं, कमर खाली, तिचे हात माझ्या गळ्यात, आणि वर. तुम्ही बघाल तर शाबासकी द्याल, तिला हिसका म्हणून बसू देत नाही. पण दिवसातून कितीदा, काका. आणि ती वाळली असली तरी माणूस आहे.

ताई रविवारी येते तेव्हा आई आंघोळ करून, केस विंचरून खिडकीशी बसलेली असते. ताई म्हणते, ‘आई किती टवटवीत आहे, तूच उगाच कुढत बसतेस.’ तिचं चुकत नाही, तिला दिसतं ते ती बोलते. तिची दोन पोरं, नवऱ्याची फिरती. तिला कशाला सांगायचं? आणि तुम्हाला तरी कशाला, तिकडे तुमचा जीव टांगणीला लागणार आणि हातून काही होणार नाही.

मी परीक्षेला बसत नाही. नाव मागे घेते. वर्ग बंद झाला तर होऊ दे. निदान संध्याकाळी आडवी होईन.

बारकी


१२ एप्रिल

बारके,

रागावलो. पहिलं लिहिलेलं पत्र फाडून टाकलं, त्यात तुला कमी आणि मला जास्त शिव्या होत्या. तुझे आजी-आजोबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. वहिनींनी मला वाढवलं. त्यांच्या पायाची खबर मला कपाट आणि खिडकीवरून काढावी लागली, याचं वाईट वाटलं. झालं, बोललो, संपलं.

मुलाला म्हटलं, मला तिकडे नेऊन सोड. तो म्हणाला, ‘बाबा, तिथे जाऊन तुम्ही बारकीला उचलायला आणखी एक माणूस व्हाल.’ कार्टं खरं बोललं. जिना चढून आलो की हल्ली मला पलंगापर्यंत धरून न्यावं लागतं. तेव्हा इथूनच बडबडतो.

पडणाऱ्यानं उडी मारायची नाही. हे मी तुला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं आणि तू मान डोलावली होतीस. उडी मारली की फेकणाऱ्याला वाटतं आपल्याला जमतंय, आणि पडणाऱ्याचा दम दुप्पट जातो, कारण दोघांचं काम तो एकटा करतो. लोकांना वाटतं फेकणारा दमतो. तुला माहीत आहे कोण दमतं. शिंप्यापुढे तू उडी मारलीस ते तुला दिसलं. ताईपुढे दर रविवारी मारतेस ते दिसत नाही?

या रविवारी काही करू नकोस. आंघोळ नाही, केस नाही, खुर्ची नाही. ताई आली की सांग, आईला अजून उठवलेली नाही, आज तू उठव. आणि बाजूला हो. तिला डाव शिकवायला जाऊ नकोस. वहिनी पडणार नाहीत एवढ्या अंतरावर हात असू दे, पण लावू नकोस. तिची जिरवायला म्हणून नव्हे. ती तुझी बहीण आहे. वजन किती हेच जिला ठाऊक नाही, तिनं त्यातलं अर्धं घ्यावं तरी कसं?

ताईला एकदा कळलं की ती वहिनींना काही दिवस आपल्याकडे नेईल, माझी खात्री आहे. तेवढ्यात तू सराव कर. नाव मागे घेऊ नकोस. इथे खुर्चीत बसून सांगणं सोपं आहे, हे मला समजतं. तरी सांगतो.

काका


२९ एप्रिल

काका,

तुम्ही म्हणालात तसं केलं. तुम्ही म्हणालात तसं झालं नाही.

ताई आली. आई पलंगावर, केस विस्कटलेले, खोलीला रात्रीचा वास. ताईनं दारातूनच विचारलं, ‘काय झालं? बरं नाही का तिला?’ मी म्हटलं, ‘रोज अशीच असते. आज तू उठव.’ ती चिडली. ‘हे आधी सांगता येत नव्हतं? मी काय परकी आहे?’ मी बाजूला झाले. बोलले असते तर रडले असते, आणि मी रडले की ताई काम करायचं सोडून माझी समजूत घालते.

ताईनं बाह्या सरसावल्या आणि आईच्या काखेत हात घातले. सगळं चुकीचं, काका. पाठ वाकलेली, पाय जुळलेले, नुसत्या दंडांच्या जोरावर. मला बघवेना. आईचं अंग अर्धवट वर आलं आणि लटकलं. आई घाबरली आणि ओरडली, ‘अगं थांब, मला पाय तरी टेकू दे.’

आणि तिनं पाय टेकले. दोन्ही. आणि रेटलं. ताई वरून ओढत होती, आई खालून रेटत होती, आणि आई उभी राहिली. वाकून, ताईच्या खांद्याला धरून, थरथरत, पण स्वतःच्या पायांवर. ताईला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिला वाटलं रोज असंच करतात. हाशहुश करत ती म्हणाली, ‘उभी राहते की ही.’

मी दारात होते. आईच्या तळव्यांकडे बघत होते.

मी तिला इतकी सफाईनं उचलत होते की या सगळ्या महिन्यांत तिचे तळवे जमिनीला लागलेच नव्हते. पलंगावरून माझ्या कमरेवर, कमरेवरून खुर्चीत. तिच्या पायांना मी काही करूच दिलं नाही. दुसरी कुणी अडाणी मुलगी असती, धडपडत, ओढत उचलणारी, तर आई कधीच उभी राहिली असती. तुमचा डाव मी घरी वापरला. तो चांगला आला म्हणून ती बसून राहिली.

मी आईला विचारलं, तू कधी बोलली का नाहीस? ती म्हणाली, ‘तू इतक्या पटकन उचलायचीस, मला वाटायचं तुला घाई असते. आणि तुला जड होऊ नये म्हणून मी अंग आवरून घ्यायची, पायबीय मध्ये येऊ द्यायची नाही.’ तीही माझ्यासाठी हलकी होत होती. दोघी एकमेकींसाठी उड्या मारत होतो आणि दोघीही थकत होतो.

हॉस्पिटलमधल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना भेटले. त्यांनी मला विचारलं, कसं उचलता ते दाखवा. दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘फार छान उचलता. त्यामुळेच झालंय.’ पाय वाळलेत, पण गेलेले नाहीत, रोज थोडं उभं करा, तिला करू द्या, वेळ लागेल. चालायची चौकट दिलीय, चार पायांची, पुढे सरकवायची. ताई आता एक दिवसाआड संध्याकाळी येते. घरी मात्र नेत नाही, तिच्याकडे जिना आहे. ती आली की आईवर खेकसते, आई तिच्यावर खेकसते, आणि तेवढ्यात आई चार पावलं टाकते. माझ्यावर आई कधी खेकसली नाही.

मला माझी लाज वाटते, काका. एवढी दमले, आणि कशासाठी दमले.

बारकी


७ मे

बारके,

व्यायामवाल्या बाईंचं ऐक, माझं नको. मला वाटलं होतं वजन ताईला कळेल. कळलं वहिनींना. इतकी वर्षं गादीवर काढली आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही, तर तुझ्या कसं येणार?

लाज वगैरे पुरे. स्वतःला टोचत बसण्यातही दम जातो, आणि तो कुणाच्याच कामी येत नाही. तू वाईट केलं नाहीस. तू एकटीनं केलंस, त्यात जे चुकायचं ते चुकलं. उचलणं बंद कर, शेजारी उभी राहा. ते उचलण्याहून अवघड आहे. तुला आधी कंटाळा येईल, मग राग येईल, मग हात आपोआप पुढे जातील. हात मागे बांध.

परीक्षेचं काय होईल ते सांगता येत नाही. एवढ्या महिन्यांचा शिणवटा थोड्या आठवड्यांत जात नाही, कुणी सांगितलं तर खोटं. शेवटच्या आठवड्यात काही करू नको, झोप. त्या दिवशी ताईला घरी बसव आणि तिथून फोन करून विचारत बसू नकोस. हरायचं तर हर, पण उडी मारू नकोस.

हे पत्र सूनबाईकडून लिहवून घेतोय, हात कापतो. ती म्हणते, असल्या गोष्टी पत्रात लिहितात का. मी म्हटलं, तू लिही.

काका


२२ जून

काका,

परीक्षा झाली. आधी वाईट सांगते.

डाव दाखवायचे होते ते नीट गेले. माझ्यासमोर पडायला एक गवंडी मिळाला, भिंतीसारखा उभा. एका इंचानंही त्यानं मदत केली नाही. तोल काढावा लागला, थांबावं लागलं, श्वास सोडावा लागला, आणि तो गेला. त्याचं सगळं वजन माझ्या कमरेवरून जाताना मला कळलं. किती दिवसांनी काही खरं केल्यासारखं वाटलं.

मग लढती. पहिलीत समोरच्या पोरीला मी गोल गोल चालवलं आणि ती वैतागून पुढे आली तशी फेकली. दुसरी हरले. हात चांगले होते, पाय नव्हते. तिसरीत समोरचीनं मला खाली दाबून धरलं आणि मान आवळली. पूर्वी मी अशा वेळी दात खाऊन पडून राहायची, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत. या वेळी मी गादीवर थाप मारली. बस झालं, म्हटलं. ती लगेच सुटली आणि मला हात देऊन उठवलं.

परीक्षक चांगला माणूस होता. म्हणाला, ‘डाव पक्के आहेत, अंगात दम नाही. विश्रांती घ्या, पुढच्या वर्षी या.’ मी म्हटलं, पुढच्या वर्षी वर्ग नसेल. तो म्हणाला, ते माझ्या हातात नाही. खरंच नव्हतं.

तर वर्ग बंद होतोय, काका. तुम्ही सुरू केलेला, माझ्याकडून गेला. मंडळी नदीपलीकडे जातील. शिंप्यानं तिथे आधीच नाव घातलंय आणि तिथल्या लोकांना सांगून ठेवलंय की एक बाई येतील, आज नाही तर उद्या, त्यांच्यासाठी जागा ठेवा. माझा विचार पक्का नाही. सध्या मला नुसतं झोपायचंय. तुम्हाला वाईट वाटेल हे ठाऊक आहे. मलाही वाटतंय, खूप, आणि ते मी लपवत नाही.

आता दुसरं. संध्याकाळी बसमधून उतरले, पिशवी ओढत घरी आले. दाराशी नेहमीसारखी किल्ली शोधत उभी राहिले. ऑपरेशनपासून मला आतून दार उघडून देणारं कुणी नव्हतं, त्यामुळे मी बेल वाजवायचंच सोडून दिलंय. किल्ली सापडेना. तेवढ्यात आत काहीतरी घासत घासत सरकल्याचा आवाज आला, थांबला, परत आला. कडी खडखडली. कितीतरी वेळ खडखडली. आणि दार उघडलं.

आई होती. चौकट एका हातात, दुसरा हात दारावर. ताई मागे स्वयंपाकघराच्या दारात, ओठ दाताखाली धरून.

आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. ‘हरलीस?’ म्हणाली.

‘हो.’

‘बस मग. किती दमलीयस.’

हे ती मला कधी म्हणाली नव्हती. मी म्हणू दिलं नव्हतं. दाराशी चपला काढायला स्टूल आहे, त्यावर मी बसले, आणि मला जे रडू आलं ते आवरेना, आवरायचंही नव्हतं. ताईनं पाणी आणून दिलं. मी आईला म्हटलं, तू बस आता, पाय दुखतील. ती म्हणाली, ‘तू आधी पाणी पी.’ आणि मी पेला रिकामा करेपर्यंत ती दाराला धरून उभी राहिली.

बारकी